एक्सेल गेलं कुठे? विंडोंच्या चळतीशी पहिली ओळख

"अगं, एक्सेल गेलं!"

मामाचा हा फोन महिन्याच्या सात-आठ तारखेला ठरलेला. सोसायटीचा तो खजिनदार, त्यामुळे त्या दिवसांत मेंटेनन्सच्या नोंदी करत बसलेला असतो. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये, नोंदी एक्सेलमध्ये, कुणी धाडलेल्या पावतीचा फोटो बघायला मधूनच व्हॉट्सअ‍ॅप, आणि बेरजेला कॅल्क्युलेटर. (एक्सेल स्वतः बेरीज करतं हे त्याला ठाऊक आहे. पटलेलं नाही.) एक्सेल कुठेही गेलेलं नसतं. ते पीडीएफच्या खाली गप पडलेलं असतं.

नव्याने संगणकावर बसणाऱ्यांची बरीचशी घाबरगुंडी याच जातीची असते. 'गेलं', 'उडालं', 'आपोआप बंद झालं'. म्हणून शॉर्टकट पाठ करण्याआधी विंडो एकमेकींवर कशा रचलेल्या असतात ते एकदा डोळ्यांनी बघून घेऊ. मग एखादी वर काढणं, खाली सारणं किंवा वरच डांबून ठेवणं ही दोन-तीन बोटांची कामं आहेत. मी विंडोज १० आणि ११ धरून लिहिते आहे, कारण मामाकडे आणि बहुतेक घरांत तेच असतं. लिनक्स आणि मॅकवाल्यांचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

आधी चळत बघा

ऑफिसच्या टेबलावर कागदांची चळत असते तशीच ही. सगळ्यात वरचा कागद पूर्ण दिसतो, त्याखालचे कडेकडेने डोकावतात, आणि एखादा मोठा कागद वर आला की खालचं सगळं झाकलं जातं. संगणक या चळतीची मनात यादी ठेवतो: सगळ्यात वर कोण, त्याखाली कोण, त्याखाली कोण. प्रोग्रामर तिला झेड-ऑर्डर म्हणतात. पडद्यावर डावी-उजवी म्हणजे एक्स, वर-खाली म्हणजे वाय, आणि पडद्याच्या आत, खोलीकडे जाणारी तिसरी दिशा म्हणजे झेड. शाळेतला भूमितीचा आलेख आठवला की पुरे.

पाच मिनिटं काढून हा प्रयोग कराच.

१. नोटपॅड, कॅल्क्युलेटर आणि ब्राउझर उघडा. तिन्ही विंडो लहान ठेवा. मॅक्सिमाइज, म्हणजे पडदाभर, असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मधल्या बटणाने लहान करा. माउसने टायटल बार (विंडोची वरची पट्टी) धरून त्या एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या चढतील अशा ठेवा.

२. नोटपॅडवर क्लिक करा, मग कॅल्क्युलेटरवर, मग ब्राउझरवर. आता चळत वरून खाली अशी झाली: ब्राउझर, कॅल्क्युलेटर, नोटपॅड. ज्याला हात लावला ते सगळ्यात वर आलं, बाकीचे एकेक पायरी खाली गेले.

३. ऑल्ट दाबून धरा, टॅब एकदाच दाबा आणि दोन्ही सोडा. कॅल्क्युलेटर वर आला, कारण चळतीत दुसरा तोच होता.

४. पुन्हा ऑल्ट-टॅब. आता ब्राउझर परत वर.

चौथ्या पायरीशी जरा थांबा. ऑल्ट-टॅब ही ठरावीक क्रमाने फिरणारी चकरी आहे असं अनेकांना वाटतं, आणि 'दर वेळी वेगळंच काहीतरी येतं' म्हणून ते ती सोडून देतात. खरं तर ती चळतीतली दुसरी विंडो वर काढते. दोनच विंडोंमध्ये काम असेल तर पुन्हा पुन्हा ऑल्ट-टॅब करा, त्याच दोघी आलटून पालटून येत राहतील. पीडीएफमधून एक आकडा वाचायचा, एक्सेलमध्ये टाकायचा, पुन्हा पीडीएफ: मामाचं निम्मं काम एवढ्यानेच झालं. तिसरी विंडो हवी असेल तर ऑल्ट न सोडता टॅब दोनदा दाबायचा.

बोटांना ऑल्ट धरून ठेवणं जमत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-टॅब एकदम दाबून सोडून द्या. सगळ्या विंडोंची चित्रं पडद्यावर थांबून राहतात, बाणांनी हवी ती निवडून एंटर. सांधे दुखणाऱ्या माणसांसाठी हे फार सोयीचं आहे आणि कुणी सांगत नाही.

वर असणं वेगळं, लक्ष असणं वेगळं

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. जी विंडो सगळ्यात वर दिसते तिच्यातच टाइप होईल असं नसतं.

कीबोर्डचं लक्ष एका वेळी एकाच विंडोकडे असतं. त्याला फोकस म्हणतात. बहुतेक वेळा वरची आणि फोकस असलेली विंडो एकच असते, म्हणून फरक जाणवत नाही. जाणवून घ्यायचा असेल तर विंडोज-कंट्रोल-ओ एकदम दाबा (विंडोज म्हणजे कीबोर्डवरचं चार चौकोनांच्या चिन्हाचं बटण). पडद्यावर कीबोर्ड उघडेल. विंडोज-स्पेस दाबून भाषा मराठी केलीत तर (अर्थात मराठी आधी सेटिंग्जमध्ये जोडलेली हवी) त्याच्या बटणांवर देवनागरी अक्षरं येतील. इनस्क्रिप्ट (देवनागरीची कीबोर्ड-मांडणी) शिकणाऱ्यांचा हा जुना आधार. हा कीबोर्ड नोटपॅडच्या वर असतो, कशानेही झाकला जात नाही, तरी त्यावर क्लिक केलेलं अक्षर उमटतं खालच्या नोटपॅडमध्ये. वर एक, लक्ष दुसरीकडे.

उलटही होतं. समजा वर एक्सेल आहे आणि खाली पीडीएफ. खालच्या विंडोला वर न आणता तिच्यात सरकता येतं. माउस नुसता तिच्या दिसणाऱ्या भागावर न्या, क्लिक करू नका, आणि चाक फिरवा. मजकूर वर-खाली सरकेल, पण एक्सेल वरच राहील आणि टाइपही तिथेच होईल. लांबलचक स्टेटमेंट बघत नोंदी करायच्या असतील तर याच्याइतकं सुख नाही. चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर 'स्क्रोल इनअ‍ॅक्टिव्ह विंडोज' असं सुरू होणारा पर्याय चालू करा.

खालची वर कशी काढायची

ऑल्ट-टॅब झालं. टास्कबारवरच्या, म्हणजे पडद्याच्या तळच्या पट्टीतल्या, चिन्हावर क्लिक करणं सगळ्यांना येतं, पण त्यात एक खड्डा आहे. नव्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर डबल क्लिक करायची सवय लागलेली असते, कारण डेस्कटॉपवरचं चिन्ह तसंच उघडतं. टास्कबारवर डबल क्लिक केलं की पहिल्या क्लिकने विंडो वर येते आणि दुसऱ्या क्लिकने ती मिनिमाइज होते, म्हणजे पडद्यावरून जाऊन टास्कबारवर नुसतं चिन्ह उरतं. माणसाला दिसतं काय, तर विंडो चमकून गायब! मामाच्या 'एक्सेल उडालं'पैकी निम्मी उड्डाणं ही होती. टास्कबारवर क्लिक एकदाच.

एकाच प्रोग्रामच्या दोन-तीन विंडो असतील, समजा एक्सेलच्या तीन फायली, तर टास्कबारवर त्यांचं चिन्ह एकच दिसतं. कंट्रोल दाबून त्या चिन्हावर क्लिक करत राहा, एकेक फाइल पाळीपाळीने वर येईल. छोट्या चित्रांच्या यादीत फाइलचं नाव वाचत बसावं लागत नाही.

विंडोज ११ मध्ये ऑल्ट-टॅब केल्यावर एज ब्राउझरचे टॅबसुद्धा वेगळ्या विंडोंसारखे दिसत असतील आणि गोंधळ वाढत असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग असं जाऊन टॅब दाखवण्याचा पर्याय 'डोन्ट शो टॅब्ज' करून टाका. मी नव्या माणसाच्या संगणकावर हे पहिल्या दिवशीच करते.

वरची खाली कशी सारायची

इथे बहुतेक लोक मिनिमाइज करतात. माझ्या मते मिनिमाइज हे गरजेपेक्षा दहापट जास्त वापरलं जाणारं बटण आहे. मिनिमाइज म्हणजे कागद चळतीतून उचलून खणात टाकणं. पुन्हा हवा झाला की खण उघडा, शोधा. नुसता तळाशी सारायचा असेल तर ऑल्ट-एस्केप दाबा. वरची विंडो चळतीच्या तळाशी जाते आणि तिच्याखालची वर येते. यादी उघडत नाही, चित्रं येत नाहीत, एका झटक्यात काम. मिनिमाइज केलेल्या विंडो मात्र याने उघडत नाहीत, त्या खणातच राहतात.

संगणक बरीच वर्षं वापरूनही हे बटण मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा चुकून दाबलं गेलं आणि समोरचं पान गडप झालं, तेव्हा शोधाशोध करून कळलं.

सगळाच पसारा बाजूला करायचा असेल तर विंडोज-डी. डेस्कटॉप दिसतो, पुन्हा दाबलं की पसारा जिथल्या तिथे परत. आणि हातातली एक विंडो ठेवून बाकी सगळ्या बाजूला हव्या असतील तर विंडोज-होम. टायटल बार माउसने धरून गदगदा हलवला तरी हेच होतं, पण विंडोज ११ मध्ये ती सोय आधी बंद असते. मल्टिटास्किंगच्याच पानावर 'टायटल बार विंडो शेक' नावाने ती सापडेल. मी ती बंदच ठेवते. माझा हात तसाच हलतो.

एकीला कायम वर ठेवायचं

आता मामाचा खरा प्रश्न. कॅल्क्युलेटर वर हवा, पण एक्सेलमध्ये क्लिक केलं की तो खाली जातो.

यासाठी चळतीचा आणखी एक गुण माहीत हवा. विंडोजमध्ये चळती दोन असतात, एकीवर दुसरी. खालची साध्या विंडोंची, वरची 'कायम वर' राहणाऱ्यांची. साध्या चळतीत कोण कितीही वर आलं तरी वरच्या चळतीतल्या विंडोला ते झाकू शकत नाही. टास्कबार वरच्या चळतीत असतो, म्हणून तो झाकला जात नाही. पडद्यावरचा कीबोर्डही तिथलाच. आपल्याला फक्त हवी ती विंडो खालच्या चळतीतून वरच्या चळतीत बढती द्यायची आहे.

काही प्रोग्रामांत ही बढती आधीच ठेवलेली असते:

कॅल्क्युलेटरमध्ये वर 'स्टँडर्ड' असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी एक लहानसं चिन्ह आहे. त्यावर क्लिक करा किंवा ऑल्ट आणि वरचा बाण दाबा. कॅल्क्युलेटर आकसून छोटा होतो आणि वरच बसतो. सोय फक्त स्टँडर्ड प्रकारात आहे, सायंटिफिकमध्ये ते चिन्ह दिसणार नाही.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये 'व्हिडिओ' मेन्यूत 'ऑल्वेज ऑन टॉप'.

ब्राउझरमधला व्हिडिओ तरंगता ठेवायचा तर पिक्चर-इन-पिक्चर. फायरफॉक्समध्ये व्हिडिओवर माउस नेला की त्याचं बटण दिसतं. क्रोम आणि एजमध्ये यूट्यूबच्या व्हिडिओवर दोनदा राइट क्लिक करा. पहिल्या वेळी यूट्यूबचा स्वतःचा मेन्यू येतो, दुसऱ्या वेळी ब्राउझरचा, आणि पर्याय त्या दुसऱ्यात असतो.

टास्क मॅनेजर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने उघडा. जुन्या रूपात 'ऑप्शन्स' मेन्यूत आणि विंडोज ११ च्या नव्या रूपात सेटिंग्जच्या चक्रात 'ऑल्वेज ऑन टॉप' मिळेल. हे आजच चालू करून ठेवा. एखादा प्रोग्राम पूर्ण पडदा व्यापून अडकला, की टास्क मॅनेजर उघडतो खरा, पण त्या अडकलेल्या विंडोच्या मागे. मग समोरचं बंद करायला हवं ते हत्यारच दिसत नाही.

बाकी कोणत्याही विंडोसाठी, म्हणजे पीडीएफ, नोटपॅड, व्हॉट्सअ‍ॅप यांच्यासाठी, विंडोजमध्ये मुळात सोय नाही. ती मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉइज' नावाच्या फुकट साधनसंचात आहे. पायऱ्या अशा:

१. मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा, पॉवरटॉइज शोधा. प्रकाशक मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन आहे एवढं बघा आणि बसवा. 'कायम वर' म्हणून नेटवर मिळणाऱ्या इतर किरकोळ प्रोग्रामांच्या नादी लागू नका. त्यातले काही बरे असतील, पण नव्या माणसाने पारखायचे कसे?

२. पॉवरटॉइजच्या सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीत 'ऑल्वेज ऑन टॉप' शोधा. नव्या आवृत्त्यांत ते 'विंडोइंग अँड लेआउट्स' या गटात आहे. चालू करा.

३. जी विंडो वर ठेवायची तिच्यावर क्लिक करा. मग विंडोज-कंट्रोल-टी. विंडोभोवती रंगीत चौकट आली म्हणजे बढती मिळाली.

४. सोडवायचं असेल तेव्हा पुन्हा तिच्यावर क्लिक आणि पुन्हा विंडोज-कंट्रोल-टी. चौकट गेली की विंडो साध्या चळतीत परत.

५. जनरल या पानावर संगणकासोबत पॉवरटॉइज सुरू होण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर उद्या सकाळी बटणं दाबूनही काही होणार नाही.

चौकटीचा रंग आणि जाडी त्याच पानावर बदलता येते. मामाने भगव्या रंगाची जाड चौकट ठेवली आहे. चौकट बंदही करता येते, पण सुरुवातीला करू नका. कोणती विंडो डांबलेली आहे हे विसरलं की 'हे पान मागे जातच नाही' हा नवा फोन सुरू होतो.

काही प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललेले असतात. त्यांना पॉवरटॉइज हात लावू शकत नाही, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच सुरू करावं लागतं. घरगुती कामात याची वेळ क्वचित येते.

आणि डांबायच्या किती? एक. फार तर दोन. वरच्या चळतीतही विंडो एकमेकींवर चढतातच, त्यामुळे पाच जणींना बढती दिली की तुम्ही पुन्हा पहिल्याच जागी आलात, फक्त एक मजला वर. दोन मोठ्या विंडो एकत्र बघायच्या असतील तर रचण्यापेक्षा शेजारी ठेवणं बरं: एकीवर क्लिक करून विंडोज-डावा बाण, दुसरीवर विंडोज-उजवा बाण. मामाकडे आता डावीकडे पीडीएफ, उजवीकडे एक्सेल आणि खालच्या कोपऱ्यात कॅल्क्युलेटर असतो.

मागे लपलेला डायलॉग

प्रोग्राम उघडा आहे, पण कुठेही क्लिक केलं तरी 'टंग' असा आवाज येतो आणि काही होत नाही. संगणक बिघडला असं समजून माणूस सरळ पॉवरचं बटण दाबतो आणि न साठवलेलं काम जातं.

होत असतं ते असं. प्रोग्रामने तुम्हाला एका छोट्या विंडोत, म्हणजे डायलॉगमध्ये, एक प्रश्न विचारलेला असतो: फाइल साठवू का, कोणत्या प्रिंटरवर छापू, पासवर्ड काय. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो मुख्य विंडोत काही करू देत नाही. नियमाने हा प्रश्न मुख्य विंडोच्या वरच असायला हवा. चळतीत मूल आईच्या खाली जात नाही, आई वर आली की मूलही तिच्या वर येतं. पण एखादा प्रोग्राम घाईघाईने लिहिलेला असतो, त्यात हे नातं जोडायचं राहून जातं, आणि प्रश्न मागे जाऊन बसतो. कधी प्रश्न दुसऱ्या मॉनिटरवर उघडतो, जो आता जोडलेलाच नाही.

क्रमाने हे करून बघा. पॉवरच्या बटणाला हात नको.

आधी ऑल्ट-टॅब दाबून धरा आणि चित्रांत एखादी लहानशी अनोळखी विंडो दिसते का बघा. बहुतेकदा प्रकरण इथेच मिटतं. नाही दिसली तर अडकवणाऱ्या विंडोला ऑल्ट-एस्केपने तळाशी पाठवा, मागचं उघडं पडेल. तरी नाही, तर एस्केप एकदा दाबा. लक्ष त्या न दिसणाऱ्या प्रश्नाकडे असेल तर एस्केप म्हणजे त्याला 'रद्द' असं उत्तर मिळतं, आणि मुख्य विंडो मोकळी होते.

विंडो यादीत आहे पण पडद्यावर नाही, असं असेल तर ती पडद्याबाहेर गेली आहे. ऑल्ट-टॅबने तिच्यावर या, ऑल्ट-स्पेस दाबा, मग इंग्रजी एम, मग कोणताही एक बाण. आता माउस हलवा, विंडो माउसला चिकटून आत येईल. जागेवर आली की क्लिक. पॉवरटॉइजमधलं 'रन' हे साधन चालू असेल तर ऑल्ट-स्पेस तेच पळवतं. अशा वेळी टास्कबारवरच्या चिन्हावर माउस नेऊन जे छोटं चित्र येतं, त्यावर राइट क्लिक करा आणि 'मूव्ह' निवडा. दोन मॉनिटर असतील तर सगळ्यात सोपं: विंडोज-शिफ्ट-डावा किंवा उजवा बाण.

न विचारता वर येणाऱ्या

टाइप करता करता मध्येच दुसरी विंडो उसळून वर यावी आणि अर्धं वाक्य तिच्यात जावं, हा त्रास पूर्वी फार होता. विंडोज ९८ च्या काळापासून मायक्रोसॉफ्टने त्याला लगाम घातला. तुम्ही एका विंडोत काम करत असताना दुसऱ्या प्रोग्रामने पुढे यायचा प्रयत्न केला, तर साधारणपणे त्याला परवानगी मिळत नाही. त्याऐवजी टास्कबारवरचं त्याचं चिन्ह लुकलुकतं. म्हणजे ते लुकलुकणं बिघाड नसून दारावर वाजवलेली टकटक आहे. लगेच उठायलाच हवं असं नाही.

एका बाबतीत मात्र सगळा पडदा काळवंडतो आणि मधोमध प्रश्न येतो: या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यायचे का? ही सोय विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. काळवंडणं सजावटीसाठी नाही. तो प्रश्न तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर नसतोच, वेगळ्या, कडेकोट डेस्कटॉपवर दाखवलेला असतो. तिथे दुसरा कोणताही प्रोग्राम त्याच्यावर खोटं बटण चिकटवू शकत नाही की तुमच्या वतीने 'येस' दाबू शकत नाही. पॉवरटॉइजने डांबलेली विंडोसुद्धा तिथे दिसत नाही. हा प्रश्न आला की वाचा आणि मगच उत्तर द्या.

थोडं मागे वळून

विंडो एकमेकींवर चढवणं ही मुळातच मोठी करामत होती. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये विंडो फरश्यांसारख्या शेजारी-शेजारी बसायच्या, एकमेकींवर फक्त छोटे डायलॉग येत. डिसेंबर १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. त्याआधी १९७९ मध्ये अ‍ॅपलची मंडळी झेरॉक्सची पालो आल्टोतली प्रयोगशाळा बघून आली होती. त्यातल्या बिल अ‍ॅटकिन्सन यांचा समज झाला की अर्धवट झाकलेल्या विंडोचा फक्त दिसणारा भाग रंगवणं झेरॉक्सच्या लोकांना साधलं आहे. ते त्यांना साधलेलं नव्हतं. त्यांना जमलंय तर आपल्यालाही जमेल, या विश्वासावर अ‍ॅटकिन्सन यांनी ते खरोखर करून दाखवलं.

विंडोज एक्सपी वापरलेल्यांना आठवत असेल, अडकलेल्या प्रोग्रामवरून दुसरी विंडो ओढली की पत्ते पसरल्यासारख्या तिच्या प्रतिमांची रांग मागे राहायची. तेव्हा सगळ्या विंडो एकाच कागदावर रंगवल्या जात. वरची हलली की खालचीला स्वतःचा उघडा पडलेला भाग पुन्हा रंगवावा लागे, आणि अडकलेला प्रोग्राम ते करू शकत नसे. व्हिस्टापासून प्रत्येक विंडोचं चित्र वेगळं साठवलं जातं आणि काचेवर काच ठेवावी तसं ते शेवटी एकत्र केलं जातं. म्हणून आज झाकलेल्या विंडोचंही चालू चित्र ऑल्ट-टॅबमध्ये दिसतं.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवाले इथे सुखी. उबुंटू, मिंट, एक्सएफसीई, बहुतेक ठिकाणी टायटल बारवर राइट क्लिक केलं की मेन्यूत 'ऑल्वेज ऑन टॉप' असतं. काही प्रोग्राम स्वतःचा टायटल बार काढतात आणि तिथे राइट क्लिक चालत नाही, तेव्हा ऑल्ट-स्पेस दाबून तोच मेन्यू येतो. केडीई या डेस्कटॉपमध्ये 'मोअर अ‍ॅक्शन्स' खाली 'कीप अबव्ह अदर्स' आणि 'कीप बिलो अदर्स' असे दोन्ही आहेत. दुसरं म्हणजे कायम तळाशी. दिवसभर उघडं ठेवायचं पण कामाच्या आड न येणारं वेळापत्रक तिथे झकास बसतं. एखाद्या प्रोग्रामला दर वेळी तीच पातळी हवी असेल तर केडीईत तसा नियमही लिहून ठेवता येतो.

नव्या लिनक्समध्ये वेलँड ही चित्र दाखवण्याची व्यवस्था असते. तिच्यात साध्या प्रोग्रामला 'मला वर ठेवा' असं स्वतःहून सांगायची सोय नाही, तो हक्क वापरणाऱ्याचा. त्यामुळे उबुंटूवर फायरफॉक्सचा तरंगता व्हिडिओ मागे जात असेल तर ऑल्ट-स्पेस दाबून 'ऑल्वेज ऑन टॉप' तुम्हालाच निवडावं लागेल.

मॅकवर कोणतीही विंडो डांबायची सोय मुळात नाही. स्टिकीज आणि क्विकटाइम प्लेयर अशा मोजक्या प्रोग्रामांत 'फ्लोट ऑन टॉप' आहे, तेवढंच. विंडोजवरून मॅकवर गेलेल्यांना चकवणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे कमांड-टॅब प्रोग्राम बदलतो, विंडो नाही. एकाच प्रोग्रामच्या विंडोंमध्ये फिरायला कमांड आणि टॅबच्या वरचं बटण वापरायचं. डॉकमधल्या (पडद्याच्या तळच्या पट्टीतल्या) चिन्हावर क्लिक केलं तर त्या प्रोग्रामच्या सगळ्या विंडो एकदम वर येतात, पण थेट एका विंडोवर क्लिक केलं तर तेवढी एकटीच. आणि एक गोड युक्ती: कमांड धरून मागच्या विंडोचा टायटल बार ओढा, ती जागा बदलते पण वर येत नाही.

पडदा दुसऱ्यांना दाखवताना

मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायची असेल तर पूर्ण पडदा न दाखवता एकच विंडो निवडून दाखवा. पूर्ण पडदा दाखवला तर डांबलेली विंडो सगळ्यांना दिसते, तुम्ही त्याखाली काहीही उघडा. व्हॉट्सअ‍ॅप वर डांबलेलं असेल तर ते आधी सोडवा. प्रोजेक्टरवर तुमचाच पडदा जसाच्या तसा दिसत असेल तर एक विंडो निवडायची सोय नाही, तिथे जे पडद्यावर ते भिंतीवर.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मामाने ताळेबंद भिंतीवर लावला. सगळं व्यवस्थित, शिलकीची ओळ ठळक. उजव्या कोपऱ्यात भगव्या जाड चौकटीतला कॅल्क्युलेटर, आदल्या रात्रीचा आकडा तसाच. मामा वाचून दाखवत होता, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "खजिनदार, ते कोपऱ्यातले बाराशे कुणाकडून यायचेत?"